भालेराव बाईंचं पाणी

भालेराव बाई कुणाला माफ करत नसत. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना त्यांच्या आवाजात ना राग असायचा ना लाज. आपला रक्तगट सांगावा तसं सांगायच्या.

बारामतीत आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट माझ्या समोर होता. मधे चपलांचे दोन स्टँड मावतील एवढीच जागा. मी एमआयडीसीतल्या एका दूध प्लँटच्या ऑफिसात कामाला, आणि बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नाशिकला. घरात त्या एकट्या, आणि हॉलमध्ये भिंतीला लागून माशांची काचेची टाकी.

त्या टाकीची ओळख त्या प्रत्येक नव्या माणसाला करून द्यायच्या. तळाशी काचेला तोंड लावून शेवाळ चाटणारा काळा, खडबडीत मासा होता. त्याचं नाव प्राचार्य. ज्या प्राचार्यांनी बाईंना डावलून विभागप्रमुखपद आपल्या भाच्याला दिलं, त्यांच्यावरून. दुसऱ्या माशांच्या शेपट्या कुरतडत फिरणारे पट्टेवाले चार-पाच मासे होते, ते सगळे मिळून ‘परीक्षा विभाग’. एक फुगलेली, गुलाबी, कायम तोंड उघडं ठेवणारी मासळी होती, ती बाईंची थोरली जाऊ. खरी जाऊ एकदा त्यांच्याकडे राहायला आली होती. तिनं कौतुकानं त्या मासळीचं नाव विचारलं, आणि बाईंनी ते शांतपणे सांगून टाकलं. जाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत गेली.

पण ज्यांच्यावर राग होता त्यांची नावं दिलेल्या या माशांना बाई जशा जपायच्या, तसं कुणी पोटच्या पोरांना जपत नसेल. त्यांची सगळी भिस्त पाण्यावर होती. माशांकडं बघूच नका, पाण्याकडं बघा, मासे आपोआप जगतात, असं त्यांचं म्हणणं. बाल्कनीत दोन निळे ड्रम होते. नळाचं पाणी त्यात भरून दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. रविवारी टाकीतलं फक्त चौथा हिस्सा पाणी नळीनं ओढून काढायचं आणि तेवढंच ड्रममधलं मुरलेलं पाणी हळूहळू घालायचं. काढलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जायचं. त्या कढीपत्त्यासारखा कढीपत्ता मी दुसरीकडं पाहिला नाही. फिल्टरचा स्पंज धुवायचा तोही टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबून, बस. नळाखाली नाही आणि साबणानं तर नाहीच. खाणं चिमूटभर, मासे लगेच संपवतील तेवढंच.

एकदा मी म्हटलं, बाई, एवढी नळी लावून काढत बसण्यापेक्षा एकदाच सगळं पाणी काढून टाकी घासून लख्ख का करत नाही? तेव्हा त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला तेव्हा कळली नाही.

“लख्ख पाणी आणि निरोगी पाणी एक नसतं, सुनंदा,” त्या म्हणाल्या. “माशांची घाण दिसत नाही. ती पाण्यात विरघळते आणि विष होते. ते विष खाणारे जीव त्या स्पंजात असतात, वाळूत असतात, काचेवर असतात. सगळं उपसून घासलं की तेच आधी मरतात. मग मासे.”

टाकीवर वाकून त्या रोज पाण्याचा वास घ्यायच्या. ओल्या मातीसारखा वास आला की मान हलवायच्या. पाणी तपासायच्या बाटल्या त्यांच्याकडं होत्या, थेंब टाकून रंग बघायचा, पण बाटलीनं सांगायच्या आधी त्यांच्या नाकानं सांगितलेलं असायचं.

भिगवण रस्त्यावरच्या ज्या दुकानदारानं त्यांना आजारी मासे गळ्यात मारले, त्याच्याकडं त्या तरीही जात राहिल्या. दुकानात गिऱ्हाईक असलं की आत शिरायच्या आणि अगदी गोड आवाजात विचारायच्या, मागच्या वेळी तुम्ही दिलेले ते खपलीवाले मासे, तसे अजून आहेत का? गिऱ्हाईक निघून जायचं. असं किती महिने चाललं ते त्या दुकानदारालाच माहीत. शेवटी तो आमच्या सोसायटीत येऊन, हात जोडून, नवे मासे देऊन गेला. बाईंनी मासे ठेवून घेतले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दुकानात गेल्या.

हे सगळं ऐकून मला हसू यायचं. बाईंचा राग म्हणजे एक गंमतच आहे असं मी समजून चालले होते. आबा सोसायटीत राहायला येईपर्यंत.

झालं असं, की पावसाळ्यात सोसायटीतल्या काही जणांची पोटं बिघडली. आमचे चेअरमन दिगंबरराव तळमजल्यावर राहायचे. धडाडीचा माणूस, सगळं स्वतः करायची हौस. त्यांनी कुणाला न विचारता, न सांगता वरच्या टाकीत ब्लीचिंग पावडर ओतली, आणि ती एवढी ओतली की दोन दिवस आंघोळ केली तरी अंगाला दवाखान्याचा वास येत होता. बाईंना तेव्हा सर्दी होती. त्यांचं नाक चाललं नाही. त्यांनी नेहमीसारखे ड्रम भरले, नेहमीसारखे दिवसभर उघडे ठेवले, रविवारी पाणी बदललं. दुपारपर्यंत टाकीतला एकही मासा जिवंत नव्हता.

मी गेले तेव्हा त्या एकेक मासा जाळीनं काढून स्टीलच्या ताटात ठेवत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळ्यात शेवटी तो काळा मासा काढला, आणि त्याच्याकडं बघून म्हणाल्या, “याला मारायचा हक्क माझा होता.”

ताटावर पांढरा रुमाल घालून त्या खाली निघाल्या. मला म्हणाल्या, चल, साक्षीला पाहिजेस. आता दिगंबररावांचं काही खरं नाही असं समजून मी मागोमाग गेले. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. बाईंनी आत जाऊन ताट टीपॉयवर ठेवलं, रुमाल काढला. दिगंबरराव आधी घाबरले, मग हसले. अहो मॅडम, मासेच ना, दुसरे आणू, म्हणाले. बाई तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेली.

खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरं धोतर, कोपरी, डोक्याला टोपी. दिगंबररावांच्या पत्नीनं ओळख करून दिली. हे आमचे आबा, म्हणजे यांचे वडील. आई गेल्यापासून गावाकडं एकटे पडले, म्हणून परवाच इकडं आणलं. निरवांगीच्या पुढं आमचं गाव, असं म्हणून तिनं गावाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही.

बाई म्हाताऱ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “मळ्यातली विहीर आहे का अजून?”

“हाय की,” आबा म्हणाले. “पर आता पाइपलाइन आलीया. कोन बघतंय हिरीकडं. तुमाला कशी ठावी आमची हीर?”

“ऐकून आहे,” बाई म्हणाल्या. रुमाल पुन्हा ताटावर घातला, ताट उचललं, आणि दिगंबररावांना एक शब्दही न बोलता वर निघून आल्या. मासे कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले. भांडण नाही, तक्रार नाही, काही नाही. दिगंबररावांनी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं की मॅडम फार समजूतदार आहेत.

बाईंनी टाकी नव्यानं उभी केली. कितीतरी आठवडे ती माशांशिवायच चालू होती. फिल्टर फिरतोय, हवेचे बुडबुडे येतायत, आणि मासा एकही नाही. पाणी तयार होतंय, एवढंच त्या सांगायच्या. मी विचारलं, दिगंबररावांचं काय? तर म्हणाल्या, ते सोड, तो कोण आहे?

आबांचं इकडं मन रमत नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडं बघायचे, जेवायचे नाहीत. कुणीतरी दिगंबररावांना सुचवलं, घरात माशांची टाकी ठेवा, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा होतो. त्यांनी बाईंच्या टाकीपेक्षा दुप्पट मोठी टाकी आणली. त्यात एक मोठा, काळ्या अंगावर नारिंगी नक्षी असलेला ऑस्कर मासा आणि बाकी रंगीबेरंगी गर्दी. आबा खरंच त्यात गुंतले. पण दिगंबररावांची स्वच्छता जोरदार. दर चार दिवसांनी टाकी रिकामी करायची, दगड साबणानं धुवायचे, नळ सोडून भरायची. मासे मरायचे, नवे यायचे, तेही मरायचे. मोठा ऑस्कर तेवढा तग धरून होता. एक मासा मेला की आबा दिवसभर जेवायचे नाहीत.

शेवटी दिगंबरराव वर आले. दारात उभे राहून म्हणाले, मॅडम, तुम्हीच काहीतरी करा, म्हातारा झुरतोय.

बाई लगेच हो म्हणाल्या. मी चकित झाले. त्यांनी अट एकच घातली. पाणी मी सांगेन तसं आबांनी स्वतःच्या हातानं घालायचं. दुसऱ्या कुणी बादलीला हात लावायचा नाही. हातपाय हलतील, त्यांच्या तब्येतीला चांगलं, असं कारण दिलं. दिगंबररावांना ते फारच पटलं.

पहिल्या रविवारी मी नळी घेऊन बरोबर होते. बाई हॉलमधल्या सोफ्यावर मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, आधी प्यायला पाणी द्या. सूनबाई उठली तर हातानं थांबवलं. “आबांना देऊ दे.” आबा उठले, आत गेले, पेला भरून आणला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी पेला तोंडाला लावून सावकाश, घोट घोट करत संपवला. मग कामाला सुरुवात.

पुढं दर रविवारी हेच. आधी आबांच्या हातचं पाणी, मग टाकी. आबा बादलीतून तांब्या भरायचे आणि बाई सोफ्यावरून सांगायच्या. हळू. धार काचेवर पडू द्या. वाळू उठता कामा नये. थांबा. आता परत. आबांच्या पिंडऱ्या थरथरायच्या, पण ते थांबायचे नाहीत. मधेच बाई उठायच्या, बाह्या सरकवून दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घालायच्या, दगड हलवायच्या, झाड नीट करायच्या. ऑस्कर त्यांच्या बोटांना तोंड लावायचा. महिन्याभरात पाणी बसलं. मासे मरायचे थांबले. आबा दोन्ही वेळ जेवायला लागले. ऑस्करला त्यांनी ‘सरदार’ नाव ठेवलं होतं, आणि त्यांची काठी वाजली की सरदार काचेशी यायचा.

मला हे सगळं फार छान वाटत होतं. एका रविवारी वर आल्यावर मी बाईंना म्हटलं, तुम्ही म्हणता माफ करत नाही, पण बघा की, मासे मारले त्यांच्याच घरचे मासे तुम्ही जगवताय. बाई बाल्कनीत ड्रम भरत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि खाली, ड्रमच्या शेजारी, जमिनीवरच बसल्या. मग त्यांनी सांगितलं.

त्यांचं माहेर त्याच गावचं. बौद्ध वस्तीची विहीर उन्हाळ्यात आटायची. मग वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आबांच्या मळ्यातल्या विहिरीपाशी जाऊन बसायच्या. विहिरीला हात लावायचा नाही. वरच्या आळीतलं कुणी आलं आणि त्याच्या मनात आलं, तर तो वरून घागरीत पाणी ओतायचा. तहान लागली तर ओंजळ धरायची, तो उंचावरून धार सोडायचा. एका सकाळी कुणीच आलं नाही. घरी धाकटा भाऊ तापानं फणफणलेला. शाळकरी रत्नमालेनं, म्हणजे आमच्या बाईंनी, पोहरा सोडला आणि घागर भरून घेतली.

“तेवढ्यात हा आला. तेव्हा तरुण होता, नुकतं लग्न झालेलं. मला मारलं नाही त्यानं. मारलं असतं तर मी विसरूनही गेले असते. त्यानं माझी घागर ओतून दिली आणि विहिरीवरचं इंजिन सुरू केलं. दिवसभर ते इंजिन चाललं. विहीर बाटली म्हणून सगळं पाणी ओढ्यात सोडून दिलं. शेजारी ऊस वाळत होता, त्याला पण दिलं नाही. माझ्या वडिलांना बोलावून घेतलं आणि विहीर कोरडी होईपर्यंत लांब उन्हात उभं केलं, टोपी काढून. मी त्यांच्या शेजारी उभी होते. विहिरीत मासे होते. शेवटी गडी खाली उतरले आणि त्यांनी पाटीतून ते वर काढले. चिखलात तडफडत होते. ते पण टाकून दिले.”

त्यानंतर वडिलांनी गाव सोडलं आणि साखर कारखान्यावर काम धरलं. बाई तिथं शिकल्या, पुढं प्राणिशास्त्र घेतलं. गावाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, कॉलेजच्या कुठल्या कागदावरही लिहिलं नाही.

मी विचारलं, त्यांनी ओळखलंय का तुम्हाला? बाई म्हणाल्या, नाही. अजून नाही. त्या ‘अजून’वर त्या जरा थांबल्या होत्या. उठून त्यांनी पुन्हा नळ सुरू केला.

तो रविवार दिवाळीनंतरचा होता. दिगंबररावांकडं गावाकडचे पाहुणे आले होते, हॉल भरलेला. मी नळी घेऊन दारापाशी उभी. बाई नेहमीसारखं आबांच्या हातचं पाणी प्यायल्या, आणि त्यांनी नेहमीसारखं टाकीचं काम करवून घेतलं. काम झाल्यावर दिगंबररावांनी पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं की आमच्या मॅडम स्वतः टाकीत हात घालून सगळं करतात, म्हणून आज हे पाणी असं आहे. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

बाई टॉवेलनं हात पुसत होत्या. हात पुसून झाल्यावर त्या आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“आबा, या टाकीत माझा हात बुडालाय. किती महिने बुडतोय. आता हे पाणी उपसा.”

आबांना कळलं नाही. म्हणाले, आजच तर बदललं की.

“तसं न्हाय,” बाई म्हणाल्या, आणि मी त्यांच्या तोंडून ती बोली पहिल्यांदा ऐकली. “समदं उपसा. तळापातुर. तुमच्या हिरीत माझा पोहरा बुडाला तवा इंजिन लावून उपसली हुती. माझा बाप उन्हात हुबा केला हुता. मी किसनाची लेक हाय.”

आबांची मान हळूहळू वर आली. ते बाईंच्या तोंडाकडं बघत राहिले, मग टाकीकडं. सरदार काचेपाशी येऊन उभा होता.

“किसनाची,” आबा म्हणाले. “ती बारकी पोर व्हय तू?”

“व्हय. उपसा आता.”

“न्हाय उपसायचं,” आबांचा आवाज फुटला. “मासं मरत्याल.”

“तवाबी मेलं हुतं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी टॉवेल घडी करून सोफ्याच्या हातावर ठेवला आणि बाहेर पडल्या. जिन्यात मी त्यांच्या मागं होते. त्या एका पायरीवरही थांबल्या नाहीत.

संध्याकाळी दिगंबरराव वर आले. आपल्याला काही ठाऊक नव्हतं म्हणाले, आणि ते खरंही असेल. जुन्या काळच्या गोष्टी, त्यावेळी सगळीकडंच असं होतं, आबांचं वय बघा, असं बरंच बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्यावर माझा काही राग नाही, तुमचं फक्त ब्लीचिंग पावडरचं राहिलंय. पण मी आता खाली येणार नाही. आबांना सगळं शिकवलंय. त्यांनी करावं.

आणि आबा करत राहिले. खालून जाता-येता मला खिडकीतून दिसायचं. रविवारी ते एकटे बादली आणि तांब्या घेऊन टाकीपाशी उभे असायचे. सोफा रिकामा असायचा, पण सांगितल्याबरहुकूम धार काचेवर पडायची, थांबायची, परत पडायची.

उन्हाळा लागला. एका दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. लिफ्ट बंद होती. मी दार किलकिलं करून पाहिलं, तर आबा तिसऱ्या मजल्यावर पोचले होते, कठडा धरून, तोंडानं श्वास घेत. टोपी हातात होती. त्यांनी बाईंची बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. या म्हणाल्या नाहीत.

मला वाटलं, म्हातारा माफी मागायला आला. पण आबा म्हणाले, “सरदार वर येऊन तोंड उघडतोय. पावन्यांच्या पोरांनी दाण्याची डबीच वतली पान्यात.”

बाई सांगायला लागल्या, वर्गात सांगावं तसं, स्पष्ट आणि भराभर. राहिलेले दाणे आधी नळीनं ओढून काढा. आता चौथा हिस्सा पाणी काढा, मुरलेलं घाला. उद्या पुन्हा तेवढंच. परवा पुन्हा. हवेचा पंप पूर्ण सोडा. तीन दिवस खायला काही देऊ नका, त्यानं कितीही तोंड केलं तरी. आणि टाकी धुवायला कुणाला हात लावू देऊ नका.

आबांनी एकेक गोष्ट पुटपुटत परत म्हणून घेतली. एक चुकली, ती बाईंनी दुरुस्त केली. मग ते जायला वळले, आणि वळताना त्यांना चक्कर आल्यासारखं झालं. कठडा धरून म्हणाले, “वाईच पानी द्या.”

बाई आत गेल्या. मी माझ्या घरातून पेला घेऊन बाहेर यायला लागले, तेवढ्यात त्या आल्या. त्यांच्या हातात तांब्या होता. पेला नव्हता.

आबांनी तांब्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. टोपी काखेत धरली. काठी भिंतीला टेकवली. मग थोडे वाकले, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडापाशी नेली. त्यांना कुणी सांगितलं नाही. ती ओंजळ कशी धरायची ते त्यांना नीट माहीत होतं, आयुष्यभर त्यांनी ती वरून पाहिली होती.

बाईंनी तांब्या उंच धरला आणि धार सोडली. आबा प्यायले. पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरीच्या बाह्यांत गेलं, छातीवर आलं. त्यांनी पुरे म्हणून मान हलवली तरी बाई ओतत राहिल्या, तांब्या रिकामा होईपर्यंत. मग दार लावून घेतलं. मी आबांना धरून जिना उतरवला.

त्या संध्याकाळी मी बाईंकडं गेले. मला राग आला होता की वाईट वाटत होतं, ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. म्हातारा माणूस, एवढे जिने चढून आलेला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या,

“फार बरं वाटलं, सुनंदा. सूड घेतल्यावर माणसाला रिकामं वाटतं असं म्हणतात. मला नाही वाटलं. दुपारी झोपसुद्धा छान लागली.”

आणि त्या खरंच ताज्यातवान्या दिसत होत्या. त्यांनी मला चहा केला, वर कांदाभजी तळली. माझ्या गावाकडच्या, डाळजच्या घरची, तिथल्या धरणाच्या बॅकवॉटरची चौकशी केली, फ्लेमिंगो गेले का म्हणून विचारलं. जरा वेळानं, कढईतून भजी काढता काढता, तेवढ्याच सहज म्हणाल्या, “खाली जाऊन बघून ये, तो मासा आहे का.”

मासा होता. तिसऱ्या दिवशी तो वर येऊन तोंड उघडायचा थांबला. मी तसं सांगितल्यावर बाईंनी फक्त मान हलवली.

त्यांचा मुलगा त्यांना नाशिकला ये म्हणून बरीच वर्षं मागं लागला होता. त्या वर्षी गुडघ्यांनी फारच त्रास दिला आणि त्या तयार झाल्या. सामान आधी टेम्पोनं गेलं. टाकीत पुढं आणलेले नवे मासे मात्र त्या स्वतःबरोबर गाडीत नेणार होत्या, झाकणाच्या बादलीत, त्यांच्याच पाण्यात, सेलवर चालणारा छोटा पंप लावून.

निघायच्या दिवशी सकाळी सोसायटीतले सगळे खाली जमले होते. दिगंबररावांनी शाल आणली होती, ती बाईंनी घेतली. मुलगा गाडी सुरू करून बसला होता. बाई मागच्या सीटवर, पायांत बादली घट्ट धरून. त्यांनी मला जवळ बोलावून कढीपत्त्याची कुंडी माझ्या नावावर केली आणि काच वर करायला लागल्या.

तेवढ्यात तळमजल्याच्या दारातून आबा आले. काठी टेकत गाडीपाशी उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ‘राम राम’ म्हणाले.

बाईंनी काच पुन्हा खाली केली. त्यांच्याकडं सरळ बघत म्हणाल्या, “जय भीम, आबा.”

आणि थांबल्या. मुलानं आरशातून मागं पाहिलं, गिअर टाकला, तर बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इंजिन तसंच चालू राहिलं. दिगंबरराव चुळबुळ करायला लागले, शेजारच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आबांचे हात जोडलेलेच होते.

बाई तशाच बघत राहिल्या. त्यांना काही घाई नव्हती.

“जय भीम,” आबा म्हणाले, अगदी हळू.

बाईंनी बादलीवरचा एक हात उचलून तळवा कानामागं धरला, आणि ऐकू आलं नाही अशा चेहऱ्यानं थोड्या पुढं वाकल्या. आबांनी ते पुन्हा म्हटलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. तेव्हा कुठं बाई मागं टेकून बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, चल.